‘झाई’ आणि साहेलमधील अवर्षणाचा दोष

‘साहेल’ हा शब्द मूळचा अरबी असून त्याचा अर्थ ‘किनारा’ असा आहे. सहारा हा सागर मानला, तर त्याच्या दक्षिण काठचा हा प्रदेश होय. येथील शेतकरी अल्पशा पावसाळ्यावर ज्वारी व बाजरी काढीत आले आहेत. बाजरीचे तर हे मूळ घरच. १९६८ च्या सुमारास हा पाऊस जो ओसरला, तो पुढे दोन दशके पूर्ववत झाला नाही. १९७२-७३ व १९८३-८४ या वर्षांत दुष्काळाने कळस गाठला.

या आपत्तीचे खापर कोणाच्या माथी फुटले, हे पाहण्यासारखे आहे. शेतकऱ्याची कुऱ्हाड व गुराख्याची जनावरे वाळवंट पुढे आणतात, ही समजूत वसाहतकाळातच दृढ झाली होती. १९३५ च्या फ्रेंच वनविषयक आदेशाने शेतातील अनेक जातींच्या झाडांना हात लावण्यासही परवाना आवश्यक केला. झाड जपण्यात शेतकऱ्याला मग स्वारस्य राहिले नाही. १९७५ मध्ये चार्नी या हवामानशास्त्रज्ञाने असा सिद्धान्त मांडला की, अतिचराईने उघडी पडलेली भूमी अधिक सूर्यप्रकाश परावर्तित करते व त्यामुळे पर्जन्य घटतो. हा सिद्धान्त तर्कशुद्ध होता. शासनांच्या सोयीचाही होता. परंतु २००३ मध्ये जियानिनी व त्यांच्या सहकाऱ्यांनी दाखवून दिले की, मूळ प्रेरणा सागरपृष्ठाच्या तापमानातील बदलांची होती. भूमीचा परिणाम त्यास केवळ पुष्टी देणारा. उत्तर गोलार्धातील कारखान्यांच्या गंधकयुक्त धुराचाही त्यात वाटा असल्याचे पुढे अनेक अभ्यासकांनी प्रतिपादिले आहे. म्हणजे ज्यांस अपराधी ठरविले, ते बव्हंशी दूरच्या कारणांचे बळी होते.

तथापि ते निष्क्रिय राहिले नाहीत. आजच्या बुर्किना फासोमधील (१९८४ पर्यंत अप्पर व्होल्टा) यातेंगा प्रांतात मोसी शेतकऱ्यांनी ‘झाई’ ही जुनी पद्धत या काळात नव्याने उचलली. मोरे भाषेतील या शब्दाचा संबंध पहाटे उठून लगबगीने रान तयार करण्याशी जोडला जातो. अर्थात नाव खड्ड्याचे नसून श्रमाचे आहे. दगडासारख्या कठीण झालेल्या जमिनीत उन्हाळ्यातच वीतभर खोल खड्डे खणून त्यांत शेणखत घालतात. खताच्या ओढीने वाळवी येते, जमीन पोखरते, आणि पहिल्या पावसाचे पाणी वाहून न जाता आत मुरते. हेक्टरी असे खड्डे दहा हजारांहून अधिक लागतात. ज्याच्या घरी मनुष्यबळ नाही वा गुरे नाहीत, त्याला हा उपाय परवडत नाही, ही मर्यादा पुष्कळ वर्णनांतून गाळली जाते. याकूबा सावादोगो या शेतकऱ्याने खड्डे अधिक मोठे करून याच पद्धतीने झाडेही वाढविली. २०१८ मध्ये त्याला ‘राइट लाइव्हलिहुड’ पुरस्कार मिळाला. त्याने उभ्या केलेल्या वनाचा काही भाग मात्र वाढत्या शहराच्या आखणीत गेला.

१९९० नंतर पर्जन्यमान काही अंशी सुधारले, पण त्याचे स्वरूप पालटले. १९८२ नंतर साहेलमधील अतितीव्र वादळांची संख्या सुमारे तिप्पट झाल्याचे २०१७ मध्ये उपग्रहांच्या निरीक्षणांवरून दिसून आले, आणि या बदलाचा संबंध तापत्या सहाराशी जोडला गेला. पावसाच्या दोन सरींमधील खंड झाईमुळे निभावतो. एका दिवसाचा धो-धो पाऊस मात्र तेच खड्डे तुडुंब भरून रोप कुजवितो. त्यातच २०१५ नंतर देशात सशस्त्र हिंसाचार पसरला. २०२३ पर्यंत वीस लाखांहून अधिक लोक विस्थापित झाले. उत्तरेकडील गावांतून उठलेल्या कुटुंबांची तयार रानेही त्यांच्यामागे तशीच राहिली.