मिसर देशास पलायन

थोरला पीटर ब्रूगेल या फ्लेमिश प्रबोधनकालीन चित्रकाराचे १५६३ मधील तैलचित्र. लाकडी फळीवर रंगवलेले. आकार सुमारे ३७ × ५६ सेंमी. सध्या लंडनच्या कोर्टोल्ड गॅलरीत.

विषय मत्तयकृत शुभवर्तमानातील (२ : १३–१५). हेरोद राजा बाळाच्या जिवावर उठला आहे, असे देवदूत स्वप्नात सांगतो आणि योसेफ रातोरात मरिया व बाळ येशू यांना घेऊन मिसरकडे निघतो. मूळ कथेत वाटेचे वर्णन नाही; गाढवसुद्धा परंपरेने मागाहून जोडलेले. ब्रूगेलने मात्र नेमकी वाटच रंगवली, आणि तीही दिवसाउजेडी. उंचावरून दिसणारी नदी, तिच्या काठचे तुटलेले कडे आणि दूरवर निळसर होत जाणारे डोंगर यांनी फळी व्यापली आहे. पॅलेस्टाइनचा वाळवंटी मुलूख असा नाही. १५५० नंतरच्या इटली-प्रवासात ब्रूगेलने आल्प्स ओलांडला होता. तेच डोंगर इथे आले आहेत. जवळ तपकिरी, मध्ये हिरवा, दूर निळा ही रंगांची चढण फ्लेमिश निसर्गचित्रकार योआखिम पाटिनिर याच्यापासून चालत आलेली. एवढ्या पसाऱ्यात माणसे हरवायचीच, पण मरियेचे लाल वस्त्र नजर धरून ठेवते. गाढव ओढत पुढे चाललेला योसेफ कुणीही खेडूत वाटावा असा आहे. दैवी तेजोवलय कुणाच्याच डोक्यामागे नाही, आणि चित्राची खरी ताकद तिथेच आहे: अजून किती चालायचे आहे, हे पाहणाऱ्याला आधी कळते.

वाटेकडेच्या झाडाच्या खोडावर एक छोटी देवळी असून तिच्यातली मूर्ती खाली कोसळते आहे. येशू मिसरमध्ये येताच तिथल्या मूर्ती पडल्या, या बायबलबाह्य आख्यायिकेचा हा संदर्भ. पुढे १५६६ मध्ये नेदरलँड्समध्ये प्रॉटेस्टंट जमावांनी चर्चमधल्या मूर्ती व चित्रे फोडली. तो धागा इथे जोडण्याचा मोह होतो. पण चित्र तीन वर्षे आधीचे, आणि आख्यायिका कित्येक शतके जुनी.

चित्र प्रथम स्पेनचा राजा दुसरा फिलिप याचा नेदरलँड्समधील मंत्री, कार्डिनल ग्रानव्हेल याच्या संग्रही होते. काउंट आंत्वान झायलर्न या संग्राहकाच्या मृत्युपत्रानुसार ते १९७८ मध्ये कोर्टोल्डकडे आले.