घट्ट बसणं आणि घट्ट आवळणं : दाब, गळती आणि वायसर यांचा इतिहास

मंडळी, तत्त्वज्ञानाच्या माणसानं कंप्रेसरच्या गळतीवर का बोलावं, असं पत्रिका वाचून काहींनी विचारलं. गळती हा तत्त्वज्ञानातला जुना भांडणाचा विषय आहे, म्हणून. तिथूनच सुरुवात करू.

१६५९ साली इंग्लंडात रॉबर्ट बॉईलसाठी रॉबर्ट हूकनं हवा उपसणारा पंप तयार केला. काचेचा मोठा गोळा, खाली पितळी नळकांडं, आत चामडं लावलेला दट्ट्या. बॉईल म्हणाला, गोळ्यातली हवा मी जवळपास काढून टाकतो. १६६१ साली थॉमस हॉब्जनं त्यावर हल्ला चढवला. त्याचं म्हणणं असं की, चामडं आणि नळकांडं यांच्या फटीतून सूक्ष्म हवा आत येतेच, मग पोकळी कसली? आपण शाळेत बॉईलचा नियम शिकतो, पण हॉब्जची ही शंका अडाणी नव्हती, हे कोणी सांगत नाही. पंप खरोखरच गळत होता. बॉईलनंही तो गळत नाही असा दावा केला नाही. चामड्यावर तेल ओतलं, सांधे लुकणानं बुजवले आणि हवा किती हळू आत येते हे दाखवलं. पुढं १६६२ साली टीकाकारांना उत्तरं देताना त्यानं दाब आणि आकारमान यांचा नियम मांडला. दाब दुप्पट केला की हवा निम्म्या जागेत मावते. आजचा प्रत्येक कंप्रेसर याच नियमावर चालतो.

पण बॉईलची अडचण तशी लहान होती. पोकळीच्या पंपात आतबाहेरच्या दाबातला फरक फार तर एका वातावरणाइतका, म्हणजे चौरस सेंटिमीटरला साधारण एक किलो. दाबयंत्रात तो शेकडो पट होतो.

जोसेफ ब्रामाहनं १७९५ साली पाण्याच्या दाबावर चालणाऱ्या प्रेसचं पेटंट घेतलं. तत्त्व पास्कलचं, सव्वाशेहून अधिक वर्षं जुनं. ते कागदावरच राहिलं होतं, कारण दट्ट्याच्या भोवतालची फट कशी बंद करायची हे कोणाला उमगत नव्हतं. भरण सैल ठेवलं तर पाणी फुटायचं. करकचून आवळलं तर दट्ट्या अडकायचा, दाब सोडला तरी खाली यायचा नाही. यावरचा तोडगा त्याच्या कारखान्यातल्या हेन्री मॉडस्ले या तरुण कारागिराचा, असं जेम्स नॅस्मिथनं आपल्या आत्मचरित्रात नोंदवलंय. चामड्याचं कडं, त्याच्या दोन्ही कडा एकाच बाजूला वळवलेल्या, म्हणजे पन्हळीसारखं. पन्हळीत पाणी शिरतं आणि एक कड दट्ट्यावर, दुसरी भिंतीवर दाबतं. दाब जितका जास्त तितकी कड घट्ट. दाब गेला की चामडं सैल, दट्ट्या मोकळा.

मला ही युक्ती फार थोर वाटते. गळतीला जो दाब कारण होतो, त्यालाच फट बुजवायच्या कामाला लावलंय. घट्ट बसणं आणि घट्ट आवळणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे त्या कारागिराला कळलं होतं.

आपल्या जिल्ह्यात ही युक्ती कापसाबरोबर आली. हा तेव्हा वणी जिल्हा, १९०५ नंतर यवतमाळ. सरकी काढलेली रुई सैल असते. जहाजाचं भाडं जागेवर, म्हणून मुंबईच्या व्यापारात ३९२ पौंडांची आवळलेली गाठ ठरली. गावोगावी प्रेस उभ्या राहिल्या आणि मूर्तिजापूरची अरुंद रेल्वे माल न्यायला आली. त्या प्रेसमध्ये दट्ट्याभोवती बसलेलं कडं मॉडस्लेच्याच घराण्यातलं.

हवेची पाळी नंतर आली. १९६७ साली बिहारच्या दुष्काळात युनिसेफनं हवेवर चालणारी बोअरची यंत्रं भारतात आणली आणि १९७२च्या दुष्काळात महाराष्ट्राचा काळा पाषाणही त्या पद्धतीनं फोडला गेला. यात हातोडा बोअरच्या तळाशी असतो. कंप्रेसरची हवा तो चालवते आणि तीच हवा खडकाचा चुरा वर फेकते. म्हणजे होजच्या जोडातून हवा सुटली की दोन्ही कामं एकदम मंदावतात. सात किलो दाबाला तीन मिलिमीटरचं छिद्र मिनिटाला २०-२५ घनफूट हवा खातं. सतरा किलोला त्याच्या दुपटीहून जास्त. वर डिझेल जळतं, खाली चुरा अडकतो, आणि पैसे शेतकऱ्याकडून फुटाच्या हिशेबानं घेतले जातात.

मग माणूस काय करतो? पाना घेतो आणि नट आवळतो! इथं दोनशेहून अधिक वर्षांचा इतिहास विसरला जातो. होजच्या कपलिंगमधलं रबरी वायसर किंवा ओ-रिंग ही मॉडस्लेच्याच कड्याची नात आहे. (ओ-रिंगचं अमेरिकन पेटंट नील्स ख्रिस्तेन्सनला १९३९ साली मिळालं.) हवा तिला फटीकडे ढकलते म्हणून ती बंद होते. ती उष्णतेनं कडक झाली, चिरली किंवा बसायची जागा मातीनं खरवडली, तर नट कितीही पिळा, उपयोग नाही. वायसर बदला, जागा पुसा. निमुळत्या आट्यांवर टेफ्लॉन टेप चालते, कारण तिथं आटेच हवा अडवतात. जिथं शंकूच्या बैठकीवर शंकू बसतो, तिथं आट्यांवर टेप गुंडाळणं निरर्थक. गळती बैठकीत आहे, आणि टेपचे तुकडे पुढं व्हॉल्व्हमध्ये जातात.

शोधायचं कसं? साबणाचं पाणी लावा, फुगा येईल. बोट लावू नका. या दाबाची बारीक धार कातडीतून आत शिरते.

आणि चालू दाबावर पाना लावायचा नाही. स्क्रू कंप्रेसर बंद केला तरी तेल वेगळं करणाऱ्या टाकीत दाब उरतो. काटा शून्यावर येईपर्यंत थांबायचं, मग झडप उघडून खात्री करायची. सुटलेली होज माणसाला झोडपून काढते. होजच्या दोन्ही टोकांना तारेची साखळी बांधायची ती याचसाठी. गाडीवर ती बरेचदा दिसत नाही, कारण घाईत गाव बदलताना ती काढावी-लावावी लागते.

एक गोष्ट राहिली. त्याच काळात बोअर झपाट्यानं झाले, पण त्यावरचे हातपंप बंद पडत गेले. १९७४च्या पाहणीत सुमारे तीन-चतुर्थांश पंप नादुरुस्त आढळले. खडक फोडायला परदेशी यंत्रं आली, पण पंपाचे सांधे आणि चामड्याची वायसरं यांच्याकडे कोणाचं लक्ष नव्हतं. जालना आणि सोलापूरच्या कार्यशाळांमधल्या मजबूत पंपांवरून पुढं मार्क-२ घडला. त्यातलं वायसर बदलायला सगळे पाइप वर ओढावे लागत, म्हणजे गाडी आणि माणसं तालुक्याहून यायची. मार्क-३ मध्ये दट्ट्या पाइपातूनच वर काढता येतो आणि वायसर नायट्राइल रबराचं असतं. दोन माणसं, दोन पाने, तासाभरात काम.

प्रश्न असतील तर घेऊ. मागच्या रांगेतल्या बोअरगाडीवाल्या भाऊंनी हात वर केलाय, आधी त्यांचा घेऊ.