हागफोर्सची मोनिका

स्वीडनमधल्या एका गाणाऱ्या बाईची हकीकत आपल्या मंडळाच्या स्मरणिकेत कशाला, असे काही भगिनी विचारतील. त्यांनी ती आधी वाचावी आणि मग काय ते म्हणावे.

2013 साली स्वीडनमध्ये ‘मोनिका झेड’ नावाचा बोलपट निघाला. दिग्दर्शक पेर फ्ली. माझ्या मुलीने तो घरी लावला आणि खालच्या इंग्रजी ओळी मला मराठीत सांगत गेली. पुढे या बाईंविषयी मिळेल ते मी तिच्याकडून वाचून घेतले, कारण बोलपटावर सारा भरवसा ठेवू नये असे माझे मत आहे.

मोनिकाचा जन्म 20 सप्टेंबर 1937 चा. वार्मलांड प्रांतातले हागफोर्स हे तिचे गाव. पोलादाचा कारखाना आणि भोवती जंगल, एवढाच त्या गावाचा पसारा. माहेरचे आडनाव निल्सन. वडील बँडमध्ये वाजवीत. ही पोर नभोवाणीवर आणि तबकड्यांवर अमेरिकेतले जॅझ ऐके आणि इंग्रजीचा अर्थ कळत नसताना शब्द जसेच्या तसे उचलून गाई. लहान वयात लग्न झाले, 1955 मध्ये मुलगी झाली, आणि थोड्याच वर्षांत संसार मोडला. नवरा सुटला, पण त्याचे ‘झेटरलुंड’ हे आडनाव मात्र जन्मभर चिकटले आणि त्याच नावाने ती गाजली! पोटासाठी ती टेलिफोन एक्स्चेंजमध्ये काम करी. दिवसा लोकांचे फोन जोडायचे आणि रात्री बँडबरोबर गायचे, असा तिचा क्रम बोलपटात दाखवला आहे.

लेकरू आजी-आजोबांपाशी ठेवून ती स्टॉकहोमला जाते, तो भाग मला फार जड गेला. बोलपटातले वडील तिला सारखे टोचून बोलतात, मुलीकडे लक्ष नाही म्हणून सुनावतात. आपल्याकडेही असे बोलणारी माणसे कमी नाहीत. एखादा गवई महिनोन्महिने मैफलींना हिंडला आणि मुले घरी वाढली, तर त्याच्या चरित्रात त्याबद्दल एक ओळही येत नाही. बाईचे चरित्र निघाले की पहिला प्रश्न पाळण्याचा. हे मला पटत नाही. पण आई दौऱ्यावर असताना जी मुलगी खिडकीशी बसत असेल, तिचे एकटेपण माझ्या या बोलण्याने कमी होत नाही, हेही मी जाणते.

न्यूयॉर्कचा प्रसंग पाहाण्याजोगा आहे. तिथे ती काळ्या वादकांबरोबर गायला उभी राहाते, आणि गोऱ्या बाईने त्यांच्यासंगे गावे हे क्लबातल्या गिऱ्हाइकांना खपत नाही. काम जाते. पुढे एला फिट्झजेराल्डसमोर ती गाते, तेव्हा त्या थोर बाई तिला स्पष्ट सांगतात की हे सगळे उसने आहे, तुझे स्वतःचे काय ते गा. बोलपटात ही गाठ फार नेटकी घातली आहे. मात्र इतकी गोष्ट खरी की कवी बेप्पे वोल्गर्स यांनी अमेरिकन चालींवर स्वीडिश शब्द रचले आणि मोनिका आपल्या भाषेत जॅझ गाऊ लागली. स्टॉकहोम शहरातून हळूहळू फिरण्याचे तिचे 1962 चे गाणे तिथे घरोघर गेले.

लगेच 1963 मध्ये लंडनला युरोपातील देशांची गीतस्पर्धा झाली. मोनिका स्वीडनतर्फे गायली आणि गुण मिळाले शून्य. शून्य मिळवणारे आणखी तीन देश होते, पण नाचक्की ती नाचक्कीच. आणि दुसऱ्याच वर्षी, ऑगस्ट 1964 मध्ये, अमेरिकेचे नामांकित पियानोवादक बिल इव्हान्स स्टॉकहोमला आले आणि तिच्याबरोबर त्यांनी तबकडी केली. त्यांनी आपल्या डेबी नावाच्या पुतणीसाठी रचलेली चाल मोनिकाने स्वीडिश शब्दांत गायली. एका लहान मुलीसाठी बांधलेली ती चाल गाताना तिला कोण आठवले असेल, हे तिचे तिलाच ठाऊक.

मोनिकाचे काम करणारी एद्दा माग्नासोन ही मुळात गायिका. बोलपटातली गाणी तिने स्वतः गायली आहेत. तिला आणि दिग्दर्शकाला 2014 मध्ये स्वीडनचे ‘गुल्डबागे’ पारितोषिक मिळाले. ते योग्यच झाले.

पण बोलपट तिच्या उमेदीच्या वर्षांवरच रेंगाळतो. पुढचे आयुष्य मला जास्त मोठे वाटते. 1971 च्या ‘उत्वांद्रार्ना’ या बोलपटात दुष्काळ आणि गरिबीमुळे अमेरिकेला निघालेली माणसे आहेत. त्यात गावाने ओवाळून टाकलेल्या उल्रिका नावाच्या बाईचे काम मोनिकाने केले आणि वाखाणले गेले. तिच्या पाठीचा कणा वाकडा होता, ते दुखणे लहानपणापासूनचे. तशा पाठीने ती रंगभूमीवर हसवीत राहिली. अखेर 1999 मध्ये गाणे थांबले आणि चाकांच्या खुर्चीवर बसणे आले. 12 मे 2005 रोजी स्टॉकहोममधल्या तिच्या घराला आग लागली आणि तीत ती गेली. वय सदुसष्ट.

त्याच शहरात आता तिच्या नावाची लहानशी बाग आहे. तिथे एक लांबलचक बाक ठेवला आहे, आणि माणूस त्याच्याजवळ गेला की मोनिकाचे गाणे सुरू होते.