अमक्याची बायको

१९५१-५२च्या पहिल्या सार्वत्रिक निवडणुकीसाठी घरोघर फिरून मतदारयाद्या केल्या गेल्या. मतदार १७ कोटींवर. पण बिहार, उत्तर प्रदेश, राजस्थानात असंख्य बायांनी परक्या माणसाला आपलं नाव सांगितलंच नाही. ‘अमक्याची बायको’, ‘तमक्याची आई’, एवढंच. आपल्याकडे नवऱ्याचं नाव घ्यायला उखाणा लागे. तिथं स्वतःच्याच नावाचा संकोच! मुख्य निवडणूक आयुक्त सुकुमार सेन यांनी बजावलं, खरं नाव लिहा. तरीही सुमारे २८ लाख स्त्रियांची नोंद यादीतून काढावी लागली. निर्णय कठोरच, पण केंद्रावर ‘अमक्याची बायको’ म्हणून कुणीही उभी राहिली असती. यावर ओरड झाली. सेनांना ती बरीच वाटली : पुढच्या निवडणुकीला या बाया नावानिशी येतील.