इंग्लंडमधील यादवी युद्ध (१६४२–१६५१)

इंग्लंडचा राजा पहिला चार्ल्स आणि तेथील पार्लमेंट यांच्यात सतराव्या शतकाच्या मध्यास झालेला सशस्त्र संघर्ष. १६४२ ते १६४६, १६४८ आणि १६४९ ते १६५१ असे त्याचे तीन खंड मानण्याचा प्रघात आहे. स्कॉटलंड व आयर्लंड ही राज्येही त्याच राजाच्या अमलाखाली असल्यामुळे तेथील उठाव व मोहिमा या युद्धापासून वेगळ्या काढता येत नाहीत. राजाची उघड चौकशी व शिरच्छेद, राजपदाचे उच्चाटन, अकरा वर्षांची राजाविना राज्यव्यवस्था आणि अखेरीस राजपदाची पुनःस्थापना ही त्याची ठळक पर्वे होत. दोन्ही पक्ष देशाच्या प्राचीन कायद्याचे रक्षण करण्यासाठीच आपण शस्त्र उचलले असे सांगत होते, आणि ज्या पक्षाने रणांगण जिंकले त्यालाही आपल्या विजयास त्या कायद्याचे अधिष्ठान अखेरपर्यंत मिळवून देता आले नाही. या दोन गोष्टींत युद्धाचे मर्म आहे. (नोंदीतील तारखा तत्कालीन इंग्लंडमध्ये रूढ असलेल्या जुन्या पंचांगाप्रमाणे असून वर्षारंभ मात्र १ जानेवारीचा धरला आहे.)

पार्श्वभूमी : १६०३ मध्ये स्कॉटलंडचा राजा सहावा जेम्स इंग्लंडच्या गादीवर आला. त्यामुळे दोन्ही मुलूख एका छत्राखाली आले, तरी त्यांचे कायदे, धर्मव्यवस्था आणि पार्लमेंटे निरनिराळीच राहिली. त्याचा मुलगा चार्ल्स (१६००–१६४९) हा १६२५ मध्ये राज्यावर आला. तो खाजगी आचरणात निर्मळ, चित्रकलेचा मर्मज्ञ आणि श्रद्धाळू होता; परंतु राजसत्ता ईश्वरदत्त असून तिचा जाब विचारण्याचा अधिकार मनुष्यमात्रास नाही, अशी त्याची दृढ समजूत असल्यामुळे प्रजेशी केलेला करार पाळणे हे त्याला कर्तव्यापेक्षा कृपेसारखे वाटे. स्पेन व फ्रान्स यांच्याशी झालेल्या लढायांसाठी त्याने सक्तीची कर्जे उभारली आणि ती न देणाऱ्यांस कारण न दाखवता कैदेत टाकले. यावर १६२८ मध्ये पार्लमेंटने ‘हक्कांचा अर्ज’ या नावाने प्रसिद्ध असलेला दस्तऐवज त्याच्याकडून मान्य करवून घेतला. संमतीवाचून कर नाही आणि कारणावाचून कैद नाही, ही त्यातील मुख्य कलमे होत. पुढील वर्षी राजाने पार्लमेंट बरखास्त केले व अकरा वर्षे ते बोलावलेच नाही.

या काळात राजाचा खजिना भरण्यासाठी जे मार्ग योजले गेले त्यांत जहाजपट्टी सर्वांत गाजली. युद्धप्रसंगी किनाऱ्यावरील परगण्यांकडून आरमारासाठी घेतली जाणारी ही पट्टी १६३५ पासून अंतर्भागातील परगण्यांवरही बसवण्यात आली. बकिंगहॅमशरचा जमीनदार जॉन हँपडन याने आपल्या वाट्याचे वीस शिलिंग भरण्याचे नाकारले, ते रक्कम जड होती म्हणून नव्हे, तर संमतीवाचून एक शिलिंग देणे म्हणजे सर्वस्वावरील राजाचा हक्क मान्य करणे होय, असे त्याला वाटत होते म्हणून. १६३८ मध्ये बारा न्यायाधीशांपैकी सातांनी राजाच्या बाजूने व पाचांनी हँपडनच्या बाजूने मत दिले. राजा खटला जिंकला; पण त्याच्याच नेमणुकीतील न्यायाधीशांत इतकी फूट पडलेली पाहून करदात्यांचे धैर्य वाढले आणि वसुली घटत गेली.

धर्माचा प्रश्न याहूनही ज्वलंत होता. कँटरबरीचा आर्चबिशप विल्यम लॉड याने उपासनेत विधी, वेष व वेदी यांना दिलेले प्राधान्य प्यूरिटन पंथीयांना रोमच्या धर्माकडे परतण्याची पहिली पायरी वाटे, आणि राणी हेन्रिएटा मराया ही कॅथलिक असल्यामुळे त्या संशयास पुष्टीच मिळे. १६३७ मध्ये स्कॉटलंडवर नवा प्रार्थनाग्रंथ लादण्याचा प्रयत्न होताच एडिंबरोत दंगल उसळली. १६३८ मध्ये तेथील लोकांनी राष्ट्रीय प्रतिज्ञापत्रावर सह्या केल्या, आणि १६४० मध्ये स्कॉट फौज इंग्लंडच्या उत्तर भागात उतरल्यावर तिचा खर्च भागवण्यासाठी राजाला पार्लमेंटपुढे हात पसरणे भाग पडले.

दीर्घ पार्लमेंट : ३ नोव्हेंबर १६४० रोजी भरलेल्या या पार्लमेंटचे नेतृत्व जॉन पिम या धोरणी मुत्सद्द्याकडे होते. आयर्लंडचा कारभार कडकपणे हाकलेला राजाचा प्रमुख सल्लागार स्ट्रॅफर्ड याच्यावर राजद्रोहाचा आरोप ठेवण्यात आला. तो प्रचलित कायद्यात बसेना, तेव्हा त्याच्या देहान्तासाठी स्वतंत्र विधेयक संमत करण्यात आले. त्याच्या जिवास धक्का लागू देणार नाही असे लेखी अभय राजाने त्याला दिले होते; तरीही लंडनमधील जमावाच्या धाकाने त्याने संमती दिली आणि १२ मे १६४१ रोजी स्ट्रॅफर्डचा शिरच्छेद झाला. कायद्यासाठी झगडणाऱ्यांनी एका माणसाला मारण्यासाठी कायदा केला आणि शब्द देणाऱ्या राजाने शब्द मोडला; पुढील दशकातील अनर्थाचे बीज या एका घटनेत पाहावयास मिळते. त्याच वर्षी स्टार चेंबर व हाय कमिशन ही राजाच्या मर्जीने चालणारी न्यायासने राजाच्याच संमतीने रद्द झाली व जहाजपट्टी बेकायदेशीर ठरली.

ऑक्टोबर १६४१ मध्ये आयर्लंडमध्ये कॅथलिकांचे बंड झाले. ते मोडण्यासाठी जी फौज उभारायची तिची मुखत्यारी राजाकडे सोपवावी की पार्लमेंटकडे, या प्रश्नावर आजवर एकमुखाने चाललेले पार्लमेंट दुभंगले. राजाच्या कारभाराचे दोष मांडणारे ‘महानिवेदन’ नोव्हेंबरात १५९ विरुद्ध १४८ अशा अल्प बहुमताने संमत झाले. ४ जानेवारी १६४२ रोजी चार्ल्स शस्त्रधारी लोकांसह कॉमन्स सभेत शिरला व पिम, हँपडन, होल्स, हेसलरिग आणि स्ट्रोड या पाच सभासदांना स्वाधीन करण्याची मागणी करू लागला. ते अगोदरच निसटले होते. सभापती विल्यम लेंथॉल याने राजापुढे गुडघे टेकून, सभेच्या आज्ञेवाचून आपण काहीच सांगू शकत नाही, असा नम्र पण निश्चयी जबाब दिला. आठवड्याच्या आत राजाने लंडन सोडले आणि २२ ऑगस्ट १६४२ रोजी नॉटिंगहॅम येथे युद्धाचे निशाण उभारले.

पहिले युद्ध (१६४२–१६४६) : राजपक्षीयांस कॅव्हेलिअर व पार्लमेंटपक्षीयांस राउंडहेड अशी नावे पडली. उत्तर व पश्चिमेकडील बराच मुलूख राजाकडे, तर लंडन, बहुतेक बंदरे, आरमार आणि आग्नेयेकडील संपन्न परगणे पार्लमेंटकडे होते. तथापि ही विभागणी केवळ भूगोलाची किंवा वर्गाची नव्हती. ती घराघरातून गेली होती. राजाचा निशाणधारी सर एडमंड व्हर्नी याला राजाची बाजू न्याय्य वाटत नव्हती, परंतु ज्याचे अन्न तीस वर्षे खाल्ले त्यास संकटात सोडणे त्याला अधर्म वाटले. २३ ऑक्टोबर १६४२ रोजी एजहिलच्या लढाईत तो निशाणासह पडला, तेव्हा त्याचा थोरला मुलगा रॅल्फ पार्लमेंटच्या बाजूने कॉमन्स सभेत बसत होता. पार्लमेंटचा सेनानी सर विल्यम वॉलर याने राजपक्षाचा सेनानी आणि आपला जुना मित्र सर रॅल्फ हॉप्टन याला १६४३ मध्ये लिहिलेल्या पत्रात युद्धाविषयीची घृणा व मैत्रीविषयीची निष्ठा एकाच वेळी व्यक्त केली, आणि पुढे लवकरच लॅन्सडाउन येथे दोघे समोरासमोर लढले. त्याच वर्षी लेडी ब्रिलिआना हार्ली हिने पती लंडनमध्ये पार्लमेंटच्या कामात असताना ब्रँप्टन ब्रायनचा किल्ला वेढ्यात झुंजवला. तर १६४४ मध्ये डार्बीच्या काउंटेसने राजासाठी लेथम हाउस लढवले.

हँपडन जून १६४३ मध्ये चॅलग्रोव्ह येथे जखमी होऊन मरण पावला. दोन्ही बाजूंच्या अतिरेकाने व्यथित झालेला राजाचा विद्वान मंत्री लॉर्ड फॉकलंड सप्टेंबरात न्यूबरीच्या लढाईत जणू मरण शोधीतच पुढे सरसावला व पडला. डिसेंबरात पिमही वारला. पण तत्पूर्वी त्याने स्कॉटलंडशी तह करून युद्धाचा निकाल बव्हंशी ठरवून ठेवला होता. त्यासाठी लागणारा पैसा मात्र मद्यादी वस्तूंवरील जकात, मासिक पट्ट्या आणि विरोधकांच्या मालमत्तेची जप्ती यांतून उभा करावा लागला, आणि हा बोजा हँपडनने नाकारलेल्या जहाजपट्टीहून कितीतरी भारी होता.

२ जुलै १६४४ रोजी मार्स्टन मूर येथे राजाचा भाचा राजपुत्र रूपर्ट याचा पराभव होऊन उत्तर इंग्लंड राजाच्या हातून गेले. एप्रिल १६४५ मध्ये पार्लमेंटच्या सभासदांना सेनाधिपत्यावरून दूर करणारा ठराव झाला, आणि सर टॉमस फेअरफॅक्स याच्या हाताखाली नियमित वेतन, कडक शिस्त व गुणानुसार बढती यांवर आधारलेली नवी फौज उभी राहिली. १४ जून १६४५ रोजी नेझबी येथे तिने राजाच्या मुख्य सैन्याचा विध्वंस केला. तेथे हाती लागलेला राजाचा खाजगी पत्रव्यवहार पार्लमेंटने छापून प्रसिद्ध केला. परकीय व आयरिश कॅथलिक फौजा आणण्याची त्याची खटपट त्यातून उघड झाली. मे १६४६ मध्ये चार्ल्स स्कॉट सैन्याच्या स्वाधीन झाला आणि जूनमध्ये त्याची युद्धकालीन राजधानी ऑक्सफर्ड शरण गेली.

सैन्य आणि राजवध : विजयानंतर पार्लमेंटने थकलेला तनखा न देताच फौज मोडण्याचा घाट घातला, तेव्हा शिपायांनी प्रतिनिधी निवडून आपले गाऱ्हाणे मांडले. ऑक्टोबर–नोव्हेंबर १६४७ मध्ये पटनी येथील चर्चमध्ये सेनाधिकारी व शिपाई यांच्यात राज्यघटनेविषयी जो वाद झाला तो युरोपच्या राजकीय विचारात अपूर्व म्हणावा लागेल. ज्याला कायदा पाळायचा आहे त्या गरिबातल्या गरिबालाही तो करणाऱ्यांची निवड करण्याचा हक्क असला पाहिजे, असे कर्नल टॉमस रेन्सबरोचे म्हणणे होते. मुलुखात ज्याचा स्थिर हितसंबंध नाही त्याला तो हक्क दिल्यास मालमत्ताच उरणार नाही, असे सेनानी ऑलिव्हर क्रॉमवेल याचा जावई हेन्री आयर्टन याचे उत्तर होते.

त्याच सुमारास चार्ल्सने कैदेतून निसटून वाइट बेटाचा आश्रय घेतला व स्कॉट सरदारांशी गुप्त करार केला. त्यातून १६४८ चे दुसरे युद्ध उद्भवले. प्रेस्टन येथे ऑलिव्हर क्रॉमवेलने स्कॉट फौजेचा मोड केला. ६ डिसेंबर रोजी कर्नल प्राइडने राजाशी तडजोड इच्छिणाऱ्या सभासदांना कॉमन्स सभेच्या दारातच अडवले. उरलेल्या सभेने, लॉर्ड्स सभेचा नकार असताही, राजाच्या चौकशीसाठी न्यायासन नेमले. नेमलेल्या १३५ जणांपैकी पुष्कळ जण फिरकलेच नाहीत. फेअरफॅक्सही पहिल्या बैठकीनंतर दूर राहिला. आपणास कोणत्या अधिकाराने बोलावले, हा एकच प्रश्न चार्ल्सने पुनःपुन्हा विचारला. कायद्यावाचून सत्ता चालली तर कोणत्याही प्रजाजनाचा जीव वा मालमत्ता सुरक्षित राहणार नाही, असे त्याचे प्रतिपादन होते. ज्याने आयुष्यभर कायद्याची मर्यादा जाचक मानली तोच त्या दिवशी कायद्याच्या बाजूने बोलत होता आणि त्याच्या प्रश्नास समर्पक उत्तर नव्हते. शिक्षापत्रावर ५९ जणांनी सह्या केल्या. ३० जानेवारी १६४९ रोजी व्हाइटहॉल येथे त्याचा शिरच्छेद झाला, आणि त्या प्रसंगीच्या त्याच्या धीरामुळे पराभूत राजा अनेकांच्या दृष्टीने हुतात्मा ठरला.

क्रॉमवेलचा अंमल : हंटिंग्डनचा मध्यम स्थितीतील जमीनदार ऑलिव्हर क्रॉमवेल (१५९९–१६५८) याने चाळिशी उलटेपर्यंत लढाई पाहिली नव्हती, तरी तो त्या युगाचा सर्वश्रेष्ठ अश्वसेनानी ठरला. १६४९ मध्ये आयर्लंडमधील ड्रॉइडा व वेक्सफर्ड येथे त्याच्या फौजेने केलेली कत्तल हा त्याच्या चरित्रावरील न पुसणारा कलंक होय. ३ सप्टेंबर १६५० रोजी डनबार व बरोबर एक वर्षाने वुस्टर येथे विजय मिळवून त्याने तिसरे युद्ध संपवले. २० एप्रिल १६५३ रोजी त्याने शिपायांकरवी पार्लमेंट बाहेर काढले आणि डिसेंबरात ‘लॉर्ड प्रोटेक्टर’ हे पद घेतले. प्रॉटेस्टंट पंथोपपंथांना त्याने दिलेले उपासनास्वातंत्र्य त्या काळाच्या मानाने उदार होते. १६५७ मध्ये देऊ केलेला मुकुट त्याने नाकारला, परंतु आपल्या सत्तेला लष्कराखेरीज दुसरा आधार त्याला सापडला नाही. जॉन लिलबर्नचे आयुष्य याची साक्ष देते : १६३८ मध्ये राजाच्या न्यायासनाने त्याला फटके मारले; पुढे पार्लमेंटसाठी लढूनही पार्लमेंटने त्याला कैद केले; प्रजासत्ताकात १६४९ व १६५३ मध्ये पंचांनी निर्दोष ठरवूनही दुसऱ्या खेपेस त्याची सुटका झाली नाही. सत्ताधीश बदलले, पण त्याची मागणी तीच राहिली : कायद्याने वागा.

पुनःस्थापना व परिणाम : क्रॉमवेलच्या मृत्यूनंतर त्याचा मुलगा रिचर्ड यास कारभार झेपला नाही. जनरल माँक स्कॉटलंडहून फौजेसह लंडनला आला, पुन्हा भरलेल्या दीर्घ पार्लमेंटने स्वतःचे विसर्जन केले आणि २९ मे १६६० रोजी पहिल्या चार्ल्सचा मुलगा दुसरा चार्ल्स राजधानीत परतला. राजाची संमती नसलेले युद्धकालीन वटहुकूम रद्दबातल ठरले. परंतु १६४१ मध्ये राजसंमतीने झालेले मुख्य कायदे टिकले, स्टार चेंबर परत आले नाही आणि संमतीवाचून कर बसवण्याचे धाडसही पुढे फारसे कोणी केले नाही. तलवारीने मिळवलेले बहुतेक गेले आणि विचारविनिमयाने मिळवलेले उरले. १६८९ च्या हक्कांच्या कायद्याने हीच मर्यादा राजपदावर कायमची घातली.

या घडामोडींचा एक धागा महाराष्ट्रापर्यंत पोचतो. ईस्ट इंडिया कंपनीला १६५७ मध्ये नवी सनद क्रॉमवेलने दिली; आणि पुनःस्थापित राजाचा पोर्तुगालच्या कॅथरिनशी विवाह ठरला तेव्हा १६६१ च्या तहान्वये मुंबई त्याला आंदण मिळाली. १६६८ मध्ये त्याने ती सालीना दहा पौंड खंडाने कंपनीच्या हवाली केली.

इतिहासलेखन : राजपक्षाचा मुत्सद्दी एडवर्ड हाइड, अर्ल ऑफ क्लॅरेंडन (१६०९–१६७४) याने परागंदा अवस्थेत पूर्ण केलेला बंडाचा इतिहास १७०२ पासून प्रसिद्ध झाला. त्यातील व्यक्तिचित्रे, विरोधकांचीही, मार्मिक आहेत. राजाच्या शिक्षापत्रावर सही करणारा आणि पुढे कैदेत मरण पावलेला कर्नल हचिन्सन याचे चरित्र त्याची पत्नी ल्यूसी हिने लिहिले. ते १८०६ मध्ये छापले गेले. प्रजासत्ताकाचा परराष्ट्रीय भाषांचा चिटणीस असलेला कवी जॉन मिल्टन याचे मुद्रणस्वातंत्र्यावरील ‘अ‍ॅरिओपॅजिटिका’ (१६४४) आणि टॉमस हॉब्जचा ‘लेव्हायथन’ (१६५१) हे ग्रंथ याच मंथनातून निघाले. एकोणिसाव्या शतकात सॅम्युएल गार्डिनर याने या युद्धास प्यूरिटन क्रांती मानले. विसाव्या शतकात क्रिस्टोफर हिल याने त्यामागील आर्थिक व वर्गीय शक्तींवर भर दिला. या सर्व मीमांसा उपयुक्त आहेत. तथापि व्हर्नी, फॉकलंड, हँपडन व लिलबर्न यांच्या चरित्रांकडे वळल्यावाचून अभ्यासकाला हे उमगणार नाही की, परस्परांविरुद्ध उभ्या ठाकलेल्या या माणसांना एकाच गोष्टीची, न्याय्य व बांधील सत्तेची, ओढ होती आणि ती कोणत्या मार्गाने मिळेल याविषयीच्या प्रामाणिक मतभेदाची किंमत त्यांनी स्वतःच्या प्राणांनी व स्वातंत्र्याने दिली.