तक्रार करणाऱ्याचं संरक्षण : बाबासाहेबांची १९३० ची मागणी कुठे अडली?

'व्हिसलब्लोअर' म्हटलं की आपल्या डोळ्यासमोर एखादा इंजिनिअर नाहीतर मोठा अधिकारी येतो. ठेकेदाराकडे झाडू मारणारी बाई येत नाही. पण पीएफ कापला आणि भरला नाही, सही एका रकमेवर आणि हातात दुसरीच रक्कम, हातमोजे फक्त कागदावर वाटले, हे सगळ्यांत आधी तिलाच कळतं. आमच्या वाशीम जिल्ह्यात असं बोलणाऱ्याला कुणी नोटीस देत बसत नाही. "उद्यापासून येऊ नको" एवढंच सांगतात. हजेरीतून नाव गेलं की ती कामावर होती याचाच पुरावा शोधावा लागतो.

ही शिक्षा कारखान्यांपेक्षा जुनी आहे. गावात महाराने ठाण्यात फिर्याद दिली, पाणवठ्यावर हक्क सांगितला, मेलेलं ढोर ओढायला नकार दिला, की त्याचं शेतातलं काम बंद, दुकानातला किराणा बंद, रस्ता बंद. काठी उचलायची गरजच पडत नसे. मुंबई सरकारने १९२८ मध्ये नेमलेल्या स्टार्ट समितीत बाबासाहेब सदस्य होते. समितीने १९३० च्या अहवालात नेमकं हेच नोंदवलं : पोट ज्यांच्या हातात आहे त्यांच्याविरुद्ध हक्क बजावायला गेलं की बहिष्कार येतो, आणि त्या भीतीने कायद्याने दिलेला हक्कही वापरला जात नाही.

त्याच वर्षी गोलमेज परिषदेत बाबासाहेब आणि रावबहादूर श्रीनिवासन यांनी अस्पृश्यांच्या संरक्षणाच्या मागण्यांचं निवेदन दिलं. त्यातल्या स्वतंत्र मतदारसंघावर आपण भरपूर बोलतो. पण त्यात आणखी एक मागणी होती : बहिष्कार घालणं, त्याला चिथावणी देणं, त्याची धमकी देणं हा गुन्हा ठरवा. मसुद्यासाठी त्यांनी १९२२ च्या ब्रह्मदेशातल्या बहिष्कारविरोधी कायद्याचा आधार घेतला. मला ही मागणी फार महत्त्वाची वाटते. हक्क देऊन भागत नाही, हक्क वापरणाऱ्यावर उगवला जाणारा सूड हाच वेगळा गुन्हा मानायला हवा, हा विचार इथे स्पष्ट आहे. आज जगभर व्हिसलब्लोअर संरक्षणाच्या नावाने जे सांगितलं जातं त्याचा गाभा यापेक्षा वेगळा नाही.

मजूरमंत्री म्हणून बाबासाहेबांनी नोव्हेंबर १९४३ मध्ये ट्रेड युनियन दुरुस्ती विधेयक मांडलं. कामगारांच्या प्रातिनिधिक संघटनेला मालकाने मान्यता दिलीच पाहिजे, ही त्यातली मुख्य गोष्ट. (७ नोव्हेंबर १९३८ चा संप आपल्याला पाठ असतो, हे विधेयक मात्र कुणाला आठवत नाही.) पुढे जगजीवनराम मजूरमंत्री असताना १९४७ मध्ये या प्रयत्नातून दुरुस्ती कायदा संमत झाला. त्यात मालकांच्या 'अनुचित प्रथां'ची यादी होती. चौकशीत आरोप केले किंवा साक्ष दिली म्हणून कामगाराला काढणं, त्याच्याशी भेदभाव करणं, हे त्या यादीत होतं. कायदा छापला गेला. पण तो लागू करणारी अधिसूचना कधीच निघाली नाही.

२०१४ मध्ये पुन्हा तेच. रस्त्याच्या कामातला भ्रष्टाचार कळवणाऱ्या सत्येंद्र दुबेंचा २००३ मध्ये गयेत खून झाला. २५ जानेवारी २०११ ला आपल्या मनमाडजवळ अपर जिल्हाधिकारी यशवंत सोनवणे यांना तेलमाफियांनी जिवंत जाळलं. लोकक्षोभ झाला, संसदेने व्हिसलब्लोअर संरक्षण कायदा केला, ९ मे २०१४ ला राष्ट्रपतींची सही झाली. त्याचीही अंमलबजावणीची तारीख आली नाही. तो लागू झाला असता तरी त्याचा रोख सरकारी पदावरच्या भ्रष्टाचारावर होता. खाजगी मालकाकडचा मजूर त्यात बसतच नव्हता.

मग आपल्या हातात काय आहे? महाराष्ट्राचा १९७१ चा कामगार संघटनांना मान्यता व अनुचित कामगार प्रथा प्रतिबंध कायदा. हा १९७५ पासून प्रत्यक्ष लागू झाला. त्याच्या चौथ्या अनुसूचीत पहिल्याच कलमात सूडबुद्धीने काढून टाकणं आहे, आणि सातव्यात औद्योगिक विवादाच्या चौकशीत मालकाविरुद्ध तक्रार किंवा साक्ष दिली म्हणून काढणं आहे. न्यायालय परत कामावर घ्यायला लावू शकतं, निकालाआधी अंतरिम आदेशही देऊ शकतं. १९४७ ला जे कपाटात गेलं ते इथे जिवंत आहे.

पण यालाही एक भोक आहे, आणि आपली माणसं नेमकी त्याच भोकातून खाली पडतात. २००१ मध्ये कल्याणी स्टील्स आणि सिप्ला या प्रकरणांत सर्वोच्च न्यायालयाने म्हटलं की मूळ मालकाने "हा माझा कामगारच नाही" असं म्हटलं, तर आधी ते नातं दुसरीकडे सिद्ध करून या, मगच या कायद्याखाली तक्रार. म्हणजे सफाई, हमाली, दवाखान्यातली स्वच्छता ठेक्यावर दिली की मूळ मालक या कायद्यातून सहज सुटतो. ही कामं कुठल्या जातींकडे आहेत हे समाजशास्त्र न शिकताही कळतं. ठेका हा फक्त पैसे वाचवायचा मार्ग आहे असं म्हणणाऱ्यांना म्हणूनच माझा विरोध आहे. तक्रार ऐकायला मालकच उरू नये, अशी ही रचना आहे.

ठेकेदार स्वतः मात्र सुटत नाही. तो पगार देतो हे तो नाकारत नसेल तर तक्रार त्याच्याविरुद्ध करता येते. शिवाय १९३० ची ती मागणी अॅट्रॉसिटी कायद्यात २०१६ पासून लागू झालेल्या दुरुस्तीने आली आहे : अनुसूचित जातीच्या व्यक्तीवर आर्थिक बहिष्कार घालणं किंवा त्याची धमकी देणं हा गुन्हा आहे, आणि कामाची, कंत्राटी संधी नाकारणं हे त्या व्याख्येत येतं. १९९० च्या दुरुस्तीमुळे अनुसूचित जातीतून बौद्ध झालेलेही त्यात आहेत. हा मुद्दा कामाच्या ठिकाणी लावून पाहणारी फिर्याद आपल्या संघटना क्वचितच लिहितात. आपण जातीवाचक शिवीवरच थांबतो.

आणि १९७१ च्या कायद्याखाली तक्रारीला मुदत ९० दिवसांची. उशिराचं सबळ कारण दिलं तर न्यायालय पुढेही घेऊ शकतं, पण त्यावर विसंबू नये. तोंडी "येऊ नको" म्हटलं त्याच संध्याकाळी तारीख, वेळ, कोण म्हणालं, कोण उभं होतं हे लिहून, दुसऱ्या दिवशी "मी कामावर हजर व्हायला तयार आहे" असं पत्र पोच मिळेल अशा टपालाने ठेकेदाराला टाकायचं, आणि पोच जपून ठेवायची.