डोक्यावरचं ओझं

आज नाटकाविषयी बोलायचं आहे, पण नटांविषयी नाही आणि नाटककारांविषयीही नाही. रंगमंचाच्या वर, झालरीच्या आड जी पोकळी असते आणि जी प्रेक्षकाला कधीच दिसत नाही, तिच्या इतिहासाविषयी बोलणार आहे.

आधी एक कबुली देतो. महाविद्यालयात असताना स्नेहसंमेलनाच्या नाटकात पडदा बांधायचं काम माझ्याकडे होतं. रंगवलेला पडदा, त्याला बांबू, वर कप्पी आणि दोर विंगेतल्या खांबाला बांधलेला. दुसऱ्या अंकाआधी माझी गाठ सुटली आणि बांबू धाडकन खाली आला. क्षणापूर्वी तिथे नायिका उभी होती. कुणाला लागलं नाही, सगळे हसले. मला काही हसू आलं नाही. पुढे वर्गात ‘जबाबदारी’ या संकल्पनेवर बोलायची वेळ आली की मला तो बांबू आठवायचा.

वरून काहीतरी खाली आणण्याची हौस फार जुनी. ग्रीक नाटकात देव ‘मेखाने’ नावाच्या यारीला लटकून येत. ॲरिस्टॉटलने त्यावर टीका केली, ती कथानकापुरती: गुंता कथेतूनच सुटावा, यंत्राने नव्हे. यारी ओढणाऱ्या माणसांबद्दल मात्र तो तिथे काही बोलत नाही.

पुढे युरोपात मोठमोठी नाट्यगृहं झाली, तेव्हा रंगमंचावर उंच मनोराच बांधू लागले. कारण साधं आहे. रंगवलेला कॅनव्हास सारखा गुंडाळला की रंग तडकतो. म्हणून तो सरळ, अखंड वर न्यायचा. त्यासाठी दर्शनी कमानीच्या दुपटीहून जास्त उंची लागते. एकदा ही उंची मिळाल्यावर तिचं कोठार झालं. एकामागे एक दृश्यं तिथे लटकू लागली. दोर, कप्प्या, तोलाला वाळूच्या पिशव्या, आणि त्या सगळ्याच्या शेजारी उजेडासाठी गॅसच्या ज्योती! म्हणजे डोक्यावर नुसतं वजन नव्हे, सरपणही.

8 डिसेंबर 1881. व्हिएन्नाचं रिंग थिएटर. प्रयोग सुरू होण्याआधी रंगमंचावरचे गॅसचे दिवे पेटवताना गॅसचा भडका उडाला आणि वर टांगलेली दृश्यं पेटली. रंगमंच आणि प्रेक्षागृह यांच्यामध्ये सोडायचा लोखंडी पडदा होता, पण तो खाली आलाच नाही. अधिकृत आकड्यानुसार 384 माणसं गेली.

त्यानंतर व्हिएन्नातच नव्या पद्धतीची रंगयंत्रणा तयार झाली. लाकडाऐवजी लोखंड आणि पाण्याच्या दाबावर चालणारी यंत्रं. 1884 साली उघडलेल्या बुडापेस्टच्या ऑपेरागृहात ती बसवली गेली. तिचं नाव होतं ‘आस्फालेया’. हा ग्रीक शब्द, अर्थ सुरक्षितता. पण त्याची फोड पाहा: जे घसरत नाही, पडत नाही ते. सुरक्षिततेचा मूळ अर्थच ‘न पडणं’! मला ही व्युत्पत्ती फार आवडते.

पण नवी यंत्रं सगळीकडे पोचली नाहीत. 1887 साली इंग्लंडमध्ये एक्झिटरच्या थिएटर रॉयलमध्ये पुन्हा वरच्याच भागात आग लागली आणि 186 माणसं गेली. आणि मग शिकागो.

तिथलं इरोक्वॉय थिएटर नोव्हेंबर 1903 मध्ये उघडलं. अगदी नवंकोरं, आणि जाहिरात अशी की याला आग लागूच शकत नाही. 30 डिसेंबरला दुपारच्या प्रयोगात आर्क दिव्याच्या ठिणगीने एक पडदा पेटला. ज्वाळा वर गेल्या, तिथे रंगवलेला कॅनव्हास दाटीने टांगलेला होता. ॲस्बेस्टॉसचा सुरक्षापडदा सोडला, तो मध्येच अडकला. धूर बाहेर जावा म्हणून छताला झडपा होत्या, त्या बंद करून ठेवलेल्या. मागचं दार उघडताच हवा आत घुसली आणि आगीचा लोळ त्या अडकलेल्या पडद्याखालून प्रेक्षकांवर गेला. 600 हून अधिक मृत्यू. त्यात मुलं पुष्कळ, कारण नाताळची सुट्टी होती.

आता विचार करा. शिकागोत पडदा होता, झडपा होत्या. तो पडदा पूर्ण खाली येतो का, त्या झडपा उघडतात का, हे प्रयोगाआधी कुणी पाहिलेलं नव्हतं. वस्तू असणं आणि ती कामाला येणं यांच्यामध्ये एक माणूस उभा असावा लागतो. तो नसला की काय होतं, ते शिकागोत दिसलं.

विसाव्या शतकात वाळूच्या पिशव्या जाऊन पोलादी दोर आणि वजनांचा पाळणा आला. तराजूच म्हणा ना: एका पारड्यात दृश्य, दुसऱ्यात तितकीच लोखंडी वजनं. तोल बरोबर असेल तर एक माणूस शेकडो किलो सहज हलवतो. पण एक क्रम पाळावा लागतो. चढवताना दांडी खाली आणून आधी दृश्य बांधायचं, मग वजनं ठेवायची. उतरवताना आधी वजनं काढायची, मग दृश्य सोडायचं. उलट केलंत, तर वजनांचा पाळणा सुसाट खाली येतो, रिकामी दांडी वर जाऊन आदळते, आणि दोर हाताने थांबवायला गेलेला माणूस जखमी होतो. क्रम इतका सोपा आहे की दमलेला माणूस रात्री बाराला तो विसरू शकतो. म्हणून खाली उभ्या असलेल्यांना ओरडून सावध करायचं आणि दोघांनी मिळून तपासायचं, अशी शिस्त आली.

हे सगळं परदेशातलं म्हणून सोडून देऊ नका. ज्या कोल्हापुरात आनंदराव आणि बाबूराव पेंटर यांनी नाटकमंडळ्यांचे पडदे रंगवले, तिथे शाहू महाराजांनी बांधलेलं 1915 सालचं पॅलेस थिएटर, म्हणजे आपलं केशवराव भोसले नाट्यगृह, 8 ऑगस्ट 2024 च्या रात्री आगीत सापडलं. दुसऱ्या दिवशी केशवरावांची जयंती होती. जीवितहानी झाली नाही, पण रंगमंच गेला. प्रयोग चालू असता तर?

तेव्हा पुढच्या वेळी नाटकाला जाल, तेव्हा मध्यंतरात एकदा झालरीच्या वर नजर टाका. तिथे जे टांगलं आहे, ते आज कुणी तपासलं, हा प्रश्न मनात येऊ द्या. आणि व्यवस्थापकांशी ओळख असेल, तर त्यांनाही विचारा. ते रागावणार नाहीत. आणि रागावलेच, तर मग नक्की विचारायला हवं होतं असं समजा.

थांबतो.